ब्रह्मपुरीची कांस्यपात्रे : कोल्हापूर आणि प्राचीन वाइनचा व्यापार

इतिहासाच्या साधनांमध्ये चव हे सर्वांत नाशवंत साधन होय. राजाज्ञा ताम्रपटावर टिकते, दान लेण्याच्या भिंतीवर कोरले जाते, नाणे जमिनीखाली दोन हजार वर्षे पडून राहते. परंतु एखाद्या काळातील माणसांनी काय चाखले आणि चाखताना त्यांना कोणता गुण श्रेष्ठ वाटला, याचा थेट पुरावा सहसा मागे उरत नाही. उरतात ती भांडी, ती ज्या वाटेने आली त्या वाटेवरची बंदरे आणि घाट, आणि त्या पेयाविषयी तत्कालीन लोकांनी लिहून ठेवलेले शब्द. वाइनचा, म्हणजे द्राक्षांचा रस आंबवून केलेल्या मद्याचा, इतिहास लिहिताना या तिन्हींची सांगड घालावी लागते. मुरलेल्या फ्रेंच लाल वाइनचा आस्वाद कसा घ्यावा, तिचा रंग, गंध आणि जिभेवर रेंगाळणारी चव कशी ओळखावी, याविषयी आज जगभर विपुल लेखन होते. मात्र जुन्या वाइनला नव्या वाइनपेक्षा अधिक मान देण्याची दृष्टी फ्रान्सहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती ज्या काळात भूमध्य समुद्राच्या काठावर रुजली त्याच काळात तेथील वाइन पश्चिम भारताच्या बंदरांत उतरत होती. त्या व्यापाराचा एक महत्त्वाचा पुरावा पंचगंगेच्या काठी, कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला आहे. कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीची चर्चा तांबडा-पांढरा रस्सा आणि गुळापाशी थांबते. ब्रह्मपुरीचा पुरावा त्या चर्चेची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षे मागे नेतो.

ब्रह्मपुरी हे नदीकाठचे पांढरीचे टेकाड आहे. एकाच जागी पिढ्यान्पिढ्या वस्ती होत गेली, घरे पडली, त्यांवर पुन्हा घरे उभी राहिली आणि त्या मातीचा उंचवटा झाला की त्याला मराठी मुलखात पांढरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या परिसरात जुनी नाणी आणि बौद्ध अवशेष मिळत होते. पुढे १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजमधील प्राध्यापक के. जी. कुंदनगार यांच्या पुढाकाराने झालेल्या खोदकामात कांस्य वस्तूंचा एक मोठा साठा हाती लागला, आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे थरांच्या क्रमाने शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील भाजक्या विटांची घरे, त्यांवर शिलाहार काळाचे आणि बहमनी काळाचे थर, असा वस्तीचा दीर्घ पट त्यातून उलगडला. बहमनी थरांतील काचेच्या बांगड्यांनी या स्थळाला वेगळीच ख्याती दिली. तथापि वाइनच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो सर्वांत जुना, सातवाहनकालीन थर आणि त्या काळाशी जोडला गेलेला कांस्यसाठा.

पुरातत्त्वाच्या लेखनात कुंदनगार यांच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या या साठ्यात भारतीय घडणीच्या वस्तू आहेत आणि त्यांच्याच जोडीला समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूही आहेत. स्वारांसह घडवलेला कांस्याचा हत्ती ही दख्खनी कारागिरीची उत्तम खूण मानली जाते. परदेशी वस्तूंत सर्वांत प्रसिद्ध आहे ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, छोटी मूर्ती. वितीहूनही लहान असलेल्या या दाढीधारी, नग्न आकृतीचा एक हात उंचावलेला असून त्या हातात मुळात त्रिशूळ असावा, असे मूर्तीच्या घाटावरून अभ्यासक मानतात. मूर्तीबरोबर कांस्याचा आरसा मिळाला आणि कांस्याच्या सुरयाही मिळाल्या. या परदेशी वस्तूंचा तपशीलवार अभ्यास अमेरिकी अभ्यासक रिचर्ड डी प्यूमा यांनी केला, आणि रोम व भारत यांच्या सागरी व्यापारावरील १९९१ सालच्या ग्रंथात तो प्रसिद्ध झाला. अशी पात्रे इटलीत, विशेषतः नेपल्सच्या आसपासच्या कॅम्पानिया प्रदेशात, इसवी सनाच्या आरंभीच्या काळात घडवली जात असत. कॅम्पानिया हाच प्रदेश त्या काळी वाइनसाठीही सर्वाधिक नावाजलेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते.

रोमन भोजनगृहात कांस्याची सुरई काय कामाची असे, हे पुराव्याचे मोल ठरवण्यासाठी पाहणे आवश्यक आहे. रोमन लोक वाइन सहसा निखळ पीत नसत. मोठ्या कुंभातून काढलेली वाइन गाळून घ्यावी, एका पात्रात तिच्यात गार किंवा कढत पाणी मिसळावे आणि मग मूठ असलेल्या सुरईतून ती पेल्यांत ओतावी, अशी रीत होती. या वर्गातील सुरईचे पोट पत्रा ठोकून गोलाकार केलेले असे, मूठ वेगळी ओतून वरून जोडलेली असे, आणि धार एका जागी पडावी अशा बेताने तोंडाचा काठ वळवलेला असे. मात्र अशाच सुरया जेवणापूर्वी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालण्यासाठी आणि देवापुढे अर्घ्य देण्यासाठीही वापरल्या जात. त्यामुळे ब्रह्मपुरीत सुरई सापडली म्हणजे ब्रह्मपुरीत वाइन सापडली, असा निष्कर्ष काढता येत नाही. धातूची भांडी जुनी झाली तरी वितळवून पुन्हा वापरता येतात. तेव्हा हा साठा एखाद्या तांबट कारागिराकडील माल असण्याची, किंवा दूरदेशीच्या दुर्मीळ वस्तू बाळगणाऱ्या धनिकाची ठेव असण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, भूमध्य समुद्राकाठच्या भोजनविधीची साधने सह्याद्री ओलांडून पंचगंगेपर्यंत पोहोचली होती, आणि ज्या सागरी वाटेने ती किनाऱ्यावर आली त्याच वाटेने वाइनही येत होती.

या वाटेचे सर्वांत विश्वसनीय वर्णन ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत मिळते. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याने जाणाऱ्या नाविकांसाठी बंदरांची, अंतरांची आणि मालाची नोंद करणारी मार्गदर्शिका. इजिप्तमध्ये राहणाऱ्या, नाव अज्ञात असलेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिली. बारिगाझा, म्हणजे आजचे भरूच, येथे कोणता माल खपतो याची यादी देताना तो प्रथम वाइनचे नाव घेतो, आणि वाइनमध्ये इटालियन वाइनला अग्रमान देऊन त्यामागे लाओडिकियाची आणि अरबस्तानची वाइन सांगतो. लाओडिकिया म्हणजे सिरियाच्या किनाऱ्यावरील आजचे लताकिया. तेथील वाइन अलेक्झांड्रियाच्या बाजारात मुबलक येत असल्याचे भूगोलकार स्ट्रॅबो यानेही नोंदवले आहे. पेरिप्लसकार येथेच थांबत नाही. राजासाठी न्यावयाच्या वस्तूंची तो निराळी यादी देतो, आणि चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, उंची वस्त्रे व सुगंधी लेप यांच्याबरोबर त्या यादीत उत्तम प्रतीची वाइन पुन्हा एकदा येते. व्यापारी ग्राहकासाठी एक वाइन आणि राजासाठी दुसरी, असा भेद त्याने केला याचा अर्थ असा की, वाइनची प्रत ओळखणारे आणि त्या प्रतीप्रमाणे दाम मोजणारे गिऱ्हाईक पश्चिम भारतात होते. मद्याची प्रत व्यापारातून ठरण्याची ही पद्धत पुढेही टिकली. १८५५ साली फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या लाल वाइनची जी प्रसिद्ध श्रेणीवार यादी तयार झाली, ती तेथील दलालांनी अनेक वर्षांच्या बाजारभावांच्या आधारे केली होती आणि ती अल्प बदलांसह आजही प्रमाण मानली जाते.

इटलीतील मळ्यापासून दख्खनच्या पठारापर्यंतचा प्रवास दीर्घ आणि कष्टाचा होता. वाइन मातीच्या मद्यकुंभांत भरली जाई. ग्रीक-लॅटिन भाषांत ज्याला अँफोरा म्हणतात तो हा कुंभ उंच, निमुळत्या बुडाचा आणि मानेजवळ दोन कान असलेला असे. त्याच्या नेहमीच्या मापात सुमारे २६ लिटर वाइन मावत असे, आणि टोकदार बुडामुळे तो जहाजाच्या तळाशी एकमेकांत गुंतवून रचता येई. हे कुंभ इटलीहून अलेक्झांड्रियाला, तेथून नाईल नदीने कोप्टोसला, पुढे तांड्यांबरोबर वाळवंटातून मायोस होर्मोस किंवा बेरेनिके या तांबड्या समुद्रावरील बंदरांत आणि अखेर जुलैच्या सुमारास निघणाऱ्या जहाजांतून नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या आधाराने भारताकडे येत. पेरिप्लसमध्ये भरूचच्या दक्षिणेस सोपारा, कल्याण, चौल आणि त्याखालील मांदगोरा, मेलिझेगारा इत्यादी बंदरांची नावे येतात. कोकणातील या छोट्या बंदरांची आजची स्थाने निश्चित करण्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांनी कोल्हापूरचे पठार कोकणाशी जोडलेले होते, यात शंका नाही. आंबा, अणुस्कुरा आणि फोंडा हे घाट त्या संबंधांच्या खुणा आजही वागवतात, आणि जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळे व उत्तरेकडील कऱ्हाड येथील बौद्ध लेणी या वाटांवरील वर्दळीची साक्ष देतात. २६ लिटरचा भरलेला कुंभ त्याच्या जाड मातीसह सहज चाळीस किलोंच्या घरात जातो. असे कुंभ बैलाच्या पाठीवर बांधून घाट चढवण्यापेक्षा बंदरावरच वाइन चामड्याच्या पखालींत ओतून घेणे अधिक सोयीचे होते, असा तर्क करता येतो. तो बरोबर असेल तर घाटावरच्या गावांत प्रत्यक्ष मद्यापेक्षा त्याच्या पात्रांच्याच खुणा अधिक मिळाव्यात, हे स्वाभाविक ठरते.

त्या काळचे कोल्हापूर हे आडवळणाचे खेडे नव्हते. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर या स्थानिक राजांची नाणी येथे मोठ्या संख्येने मिळाली आहेत, आणि दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी हिप्पोकुरा या नगरीचा उल्लेख बलेओकुरोस या राजाची राजधानी असा करतो. हे नाव विळिवायकुराचेच ग्रीक रूप असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात; हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच काय, याविषयी मात्र एकमत झालेले नाही. ब्रह्मपुरीत रोमन नाण्यांच्या धाटणीची मातीची पदकेही मिळाली आहेत. परदेशी नाण्याची नक्कल गळ्यात घालण्याची हौस ज्या समाजात होती, त्या समाजात परदेशी पात्राला आणि परदेशी पेयाला प्रतिष्ठा असणे संभवनीय आहे. कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांत यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. तेव्हा मालाबरोबर माणसेही या प्रदेशात वसत होती, हे स्पष्ट होते.

वाइनच्या आयातीचा सर्वांत ठोस पुरावा कुंभांच्या खापरांतून मिळतो. १९४५ साली, म्हणजे ब्रह्मपुरीच्या उत्खननाच्याच सुमारास, मॉर्टिमर व्हीलर यांनी तेव्हा फ्रेंच अमलाखाली असलेल्या पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले आणि भूमध्य प्रदेशातील मद्यकुंभांची खापरे मोठ्या संख्येने उजेडात आणली. महाराष्ट्रात नेवासे आणि तेर येथून अशी खापरे नोंदली गेली, आणि मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरही ती विपुल मिळाली. पुढे रॉबर्टा टॉम्बर या इंग्लंडमधील अभ्यासिकेने भारतातील अशा खापरांची नव्याने तपासणी केली, तेव्हा रोमन समजली गेलेली अनेक खापरे प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, लांबट कुंभांची असल्याचे आढळले. कान नसलेल्या, आतून काळ्या डांबरासारख्या लेपाने माखलेल्या या कुंभांना त्यांच्या आकारावरून टॉर्पेडो कुंभ असे नाव पडले आहे. या दुरुस्तीमुळे रोमन व्यापाराचे चित्र थोडे आटोपशीर झाले, पण वाइनचा इतिहास त्यामुळे लांबला. कारण रोमकडील ओघ मंदावल्यावर पश्चिम भारतात इराणी आखाताकडून मद्य येऊ लागले, असे त्यातून दिसते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर पाचव्या शतकात रंगवलेली, परदेशी पोशाखातील मद्यपान करणारी मंडळी या उत्तरकालीन व्यापाराच्या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटतात.

या प्राचीन वाइनची चव कशी होती, हा प्रश्न आता विचारता येतो, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते, कारण रोमन लेखकांनी त्याविषयी सविस्तर लिहिले आहे. मातीचा कुंभ सच्छिद्र असल्याने त्यातून वाइन झिरपू नये म्हणून त्याला आतून पाइन वृक्षाच्या राळेचा लेप देत. त्यामुळे वाइनला राळेचा उग्र, औषधी गंध येई. एजियन समुद्रातील कोस बेटाच्या वाइनमध्ये समुद्राचे पाणी घालण्याची रीत होती, आणि तशी वाइन घरी कशी करावी याची कृती केटो या रोमन लेखकाने दिली आहे. खारटपणामुळे वाइन टिकत असे आणि कनिष्ठ मद्याचा दोष झाकला जात असे. याखेरीज द्राक्षांचा रस कढवून अर्ध्यावर किंवा एकतृतीयांशावर आणीत आणि तो घट्ट, गडद पाक वाइनमध्ये मिसळून तिची गोडी व टिकाऊपणा वाढवीत. कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील काकवी ज्याने चाखली आहे, त्याला या पाकाची कल्पना सहज येईल, कारण दोन्हींत फळाचा किंवा उसाचा रस विस्तवावर आटवून साखर एकवटली जाते आणि किंचित करपल्याची खमंग छटा उतरते. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने वाइनचे चार रंग सांगितले आहेत : पांढरा, पिंगट, रक्तासारखा लाल आणि काळा. कॅम्पानियाच्या उत्तर सीमेवरील फालेर्नियन वाइन ही त्याच्या काळातील अत्यंत प्रतिष्ठित वाइन होती. तिचे तुरट, गोड आणि पातळ असे तीन प्रकार मानले जात आणि ज्योत लावल्यास पेट घेणारी ती एकमेव वाइन असल्याचे त्याने लिहिले आहे, यावरून तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण चांगलेच असावे.

जुन्या वाइनला अधिक किंमत, हा दंडक रोममध्ये पक्का होता. इसवी सनपूर्व १२१ मध्ये ओपिमियस हा कॉन्सल, म्हणजे त्या वर्षाचा सर्वोच्च अधिकारी, असताना द्राक्षांचा हंगाम असाधारण उत्तम झाला, आणि त्या वर्षीची वाइन ओपिमियन या नावाने पिढ्यान्पिढ्या गौरवली गेली. वाइनला तिच्या हंगामाच्या वर्षाने ओळखण्याची आजची पद्धत या परंपरेतील आहे. प्लिनीच्या काळी ती वाइन जवळपास दोनशे वर्षांची झाली होती. ती आटून कडवट मधासारखी दाट झाल्याचे आणि निखळ पिण्याजोगी न राहिल्याने दुसऱ्या वाइनमध्ये थोडीशी मिसळून तिला चव आणण्यापुरती वापरली जात असल्याचे तो सांगतो. मुरणे आणि उतरणे यांतील सीमारेषा त्या काळच्या जाणकारांना ठाऊक होती, याचा हा उत्तम दाखला आहे.

आजच्या फ्रान्सचा प्रदेश, म्हणजे रोमनांचा गॉल, त्या वेळी वाइनच्या क्षेत्रात नवखा होता. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात आलोब्रोगेस या जमातीने पिकवलेल्या वेलीची, आणि तिच्या वाइनला निसर्गतःच राळेची चव असल्याची, नोंद प्लिनी करतो. बर्गंडीतील जेव्ह्रे-शांबेर्तँ येथे २००८ साली पहिल्या शतकातील मळ्यातील वेलींच्या खड्ड्यांच्या रांगा उत्खननात आढळल्या. जी भूमी पुढे लाल वाइनसाठी जगात श्रेष्ठ ठरली तेथे वेली लावल्या जात असतानाच कॅम्पानियाची कांस्यपात्रे कोल्हापूरकडे निघाली होती. नंतरच्या शतकांत मातीच्या कुंभाची जागा लाकडी पिंपाने घेतली. पिंपातून हवा आत शिरत राहते, त्यामुळे वाइन फार काळ टिकेना आणि जुन्या वाइनचा मान जवळजवळ लोपला. सतराव्या-अठराव्या शतकांत जाड काचेची बाटली आणि बुचाच्या झाडाच्या सालीचे घट्ट बूच यांची जोडी जमली, तेव्हा हवा पुन्हा रोखता आली आणि वाइन दशकानुदशके मुरवणे शक्य झाले.

मुरलेल्या बोर्दोच्या लाल वाइनमध्ये काय घडते, हे समजले की प्राचीनांनी जुन्या मद्याची थोरवी का मानली तेही उमगते. नव्या लाल वाइनचा रंग जांभळट असतो आणि द्राक्षाच्या साली व बियांतून उतरलेल्या तुरट द्रव्यांमुळे, म्हणजे टॅनिनमुळे, ती जीभ आवळते. बाटलीत वर्षे लोटतात तशी ही तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन त्यांच्या लांब साखळ्या होतात आणि त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात. पेला कलता धरून पांढऱ्या कापडावर पाहिला तर मधला भाग माणकासारखा लाल आणि कडेचा भाग विटकरी, कधी नारिंगी दिसतो. ताज्या फळाचा गंध मागे पडतो आणि सुकवलेले आलुबुखार, कमावलेले चामडे, तंबाखूची पाने, पावसानंतरचा कुजलेला पाचोळा अशा गंधांची सरमिसळ पुढे येते. तुरटपणा मऊ होतो आणि घोट गिळल्यानंतरही चव दीर्घकाळ मागे राहते. ही रेंगाळणारी चव जितकी लांब आणि जितकी संतुलित, तितकी वाइन श्रेष्ठ समजली जाते. गाळ पेल्यात येऊ नये म्हणून अशी वाइन हळुवारपणे दुसऱ्या पात्रात ओतून घेतात, आणि रोमन भोजनगृहातील गाळणी व सुरई यांचे कार्य या रीतीत आजही शिल्लक आहे.

भारतीय परंपरेला हा विचार परका होता, असे समजणे चुकीचे ठरेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार दिले आहेत. त्यांपैकी मधु म्हणजे द्राक्षांच्या रसाचे मद्य, आणि त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे ते जेथे तयार होई त्या वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत. मद्याला त्याच्या मातीच्या नावाने ओळखण्याची जी पद्धत बोर्दो किंवा बर्गंडी या नावांत दिसते, तिचे हे भारतीय रूप होय. जुन्या मद्याविषयी चरकसंहिता अधिकच स्पष्ट आहे. सूत्रस्थानातील अन्नपानविधीच्या अध्यायात नवे मद्य जड व दोष वाढवणारे, तर जुने मद्य हलके, रुची आणणारे, अग्नी प्रदीप्त करणारे आणि शरीरातील मार्ग शुद्ध करणारे असल्याचे सांगितले आहे. प्लिनी आणि चरकपरंपरा यांची एकमेकांना ओळख असल्याचे दाखवता येत नाही; तरीही काळ हा मद्याचा संस्कारकर्ता आहे, या निष्कर्षाला दोन्ही संस्कृती स्वतंत्रपणे पोहोचल्या. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत मद्यपानाचे संदर्भ सहजपणे येतात आणि तमिळ संघम वाङ्मयातील पुरनानूरुमध्ये यवनांनी आणलेल्या सुगंधी मद्याचा उल्लेख आहे. सातवाहनकालीन दख्खनमध्ये परदेशी वाइन आली ती मद्याची पारख नसलेल्या समाजात नव्हे, तर मद्याचे वर्गीकरण आणि गुणदोष जाणणाऱ्या समाजात आली.

हा व्यापार ओसरल्यानंतर दख्खनमध्ये वाइनची अखंड परंपरा राहिली नाही, आणि आधुनिक महाराष्ट्रात ती नव्याने उभारावी लागली. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने शॅम्पेनच्या धर्तीवरची फसफसणारी वाइन तयार होऊ लागली आणि ती परदेशी बाजारात गेली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्याच्या आधाराने नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि कोल्हापूरच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. २०१० साली नाशिक खोऱ्यातील वाइनला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ स्थानाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, मिळाले. कापिशायन मधूच्या काळी जे नाव लोकव्यवहारातून रूढ झाले होते, ते आता नोंदणीतून प्राप्त होते.

ब्रह्मपुरीच्या वस्तू प्रथम त्या टेकाडावरच मांडल्या होत्या. पुढे त्या कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आल्या. तेथे पोसायडनच्या मूर्तीकडे अभ्यासकांचे आणि प्रेक्षकांचे लक्ष सर्वप्रथम जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु वाइनच्या आणि खाद्यपेयांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्या सोबतीची पात्रे तितकीच बोलकी आहेत, आणि त्यांचा अभ्यास एकट्या धातुशिल्पाच्या चौकटीत न ठेवता घाटवाटा, कोकणची बंदरे, खापरांचे नवे वर्गीकरण आणि मद्यविषयक ग्रंथ यांच्याशी जोडून झाला पाहिजे. द्राक्षांत टार्टरिक आम्ल विपुल असते. मातीच्या खापरात मुरलेला त्याचा अंश शतकानुशतके टिकू शकतो आणि रासायनिक परीक्षणाने तो ओळखता येतो. उत्खननातून निघालेले खापर लगेच धुऊन घासले की हा पुरावा नाहीसा होण्याचा धोका असतो. म्हणून पंचगंगेच्या खोऱ्यात यापुढे होणाऱ्या प्रत्येक उत्खननात काही खापरे न धुता जपली गेली पाहिजेत. पात्रांनी वाइनची वाट दाखवली आहे, पेरिप्लसने तिची प्रत सांगितली आहे, प्लिनी आणि चरकाने तिच्या मुरण्याचे मर्म नोंदवले आहे. कोल्हापुरात ती प्रत्यक्ष प्यायली गेली काय, याचा निर्णय देण्याचे सामर्थ्य आता एखाद्या साध्या, न धुतलेल्या खापरात आहे, आणि ते खापर जपण्याची जबाबदारी या शहराच्या इतिहासाविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येक अभ्यासकावर आहे.